ग्लासवर चकती ठेवेपर्यंत

जर्मनीतल्या कोलोनमध्ये बिअर एकदाच मागवायची. पुढच्या आपोआप येतात. इथली बिअर म्हणजे क्योल्श: फिकट सोनेरी, हलकी. ग्लास उंच, सडपातळ आणि जेमतेम २०० मिलिलिटरचा. तिथल्या वाढप्याला क्योबेस म्हणतात. निळा एप्रन बांधून तो गोल ट्रेमध्ये ग्लास खोचून हिंडत असतो. तुमचा ग्लास रिकामा दिसला, की न विचारता भरलेला ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. पुरे झालं, तर ती चकती ग्लासवर झाकायची. पंगतीत पानावर हात आडवा येईपर्यंत जिलबी पडत राहते, तसाच प्रकार. फक्त इथल्या आग्रहात गोडवा औषधालाही नाही. क्योबेस तिरकस बोलतो आणि गिऱ्हाइकांना ते आवडतं. पाणी मागितलंत तर ‘सोबत साबण, टॉवेल आणू का?’ असं विचारतो म्हणे. आम्ही मागून पाहिलं नाही.

ग्लास लहान, कारण या बिअरचा ताजेपणा लवकर उतरतो. पण मला त्यात फिरणाऱ्याची सोय दिसली. अर्ध्या लिटरचा मग पुढ्यात आला की माणूस बसतो तो बसतोच. इथे दोन रेघा झाल्या की उठावं, ऱ्हाईनच्या काठाने रेंगाळावं, हॉयमार्क्टच्या चौकातून वळावं, पुन्हा कुठेतरी टेकावं. फ्रीझेनश्ट्रासेवरच्या पेफगेनमध्ये १८८३पासून बिअर गाळतात, तिथे आम्ही जरा जास्तच टेकलो.

नकाशा लागतच नाही. गल्ली कुठलीही असो, कॅथेड्रलचे १५७ मीटरचे मनोरे कुठून तरी डोकावतात. बांधकाम १२४८ साली सुरू झालं आणि १८८० साली संपलं. मधली काही शतकं कामच बंद होतं. अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी राहिली आणि लोक तिलाच शहराची खूण मानू लागले. मला पूर्ण झालेल्या मनोऱ्यांपेक्षा या क्रेनची गोष्ट जास्त आवडली. खरं तर काठावरची रंगीत, चिंचोळी ‘जुनी’ घरंही बरीचशी महायुद्धानंतर नव्याने उभारलेली आहेत. संध्याकाळी बाकावर बसून बघताना त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते ड्युसेलडॉर्फचं नाव काढल्यावर. ते शहर चाळीसेक किलोमीटरवर, तिथली बिअर गडद, तिचं नाव आल्ट. दोन्ही गावांना एकमेकांची बिअर चालत नाही. शिवाय १९८६च्या करारानुसार क्योल्श हे नाव कोलोन आणि आसपासच्या ब्रूअरीजनीच लावायचं. शेवटच्या रात्री शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आमचा उद्याचा बेत विचारला. नवरा सरळपणे म्हणाला, “ड्युसेलडॉर्फ.”

आजोबांनी ग्लास खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, “का? कुणी आजारी आहे का तिथे?”