झेआडलर, १:१५० : लाकडाचा माल चढला, आता शिडं उलटी भरायची

मंडळी, झेआडलरचं, म्हणजे पहिल्या महायुद्धात साध्या मालवाहू जहाजाचं सोंग घेऊन शत्रूची जहाजं बुडवणाऱ्या जर्मन शिडाच्या जहाजाचं, मॉडेल आता अशा टप्प्यावर आलंय की हे जहाज आहे हे घरच्यांना वेगळं सांगावं लागत नाही. हल (जहाजाचं धड) झाला, डेक बसला, तिन्ही डोलकाठ्यांचे खालचे भाग उभे राहिले. मॉडेल वॉटरलाइन आहे, पाण्याखालचा भाग नाही, थेट लाटांच्या बैठकीवर बसणार. लांबी हातभराहून थोडी जास्त. हल शिवणीच्या लाकडाचा आहे. मूळ जहाज पोलादी असल्यामुळे लाकडाच्या रेषा दिसून चालणार नव्हत्या. सीलर, घासणं, पुन्हा सीलर, पुन्हा घासणं... त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, करणाऱ्यांना माहीतच आहे.

ज्यांनी मध्येच वाचायला घेतलंय त्यांच्यासाठी जहाजाची कुंडली. १८८८ साली स्कॉटलंडमध्ये, पोर्ट ग्लासगोच्या रॉबर्ट डंकन यांच्या गोदीत ते बांधलं गेलं. नाव 'पास ऑफ बाल्माहा'. तीन डोलकाठ्या, तिन्हींवर चौकोनी शिडं, १,५७१ टन. १९१५ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकी मालकांचं होतं आणि न्यूयॉर्कहून कापूस भरून रशियातल्या अर्खांगेल्स्कला निघालं होतं. वाटेत 'व्हिक्टोरियन' या ब्रिटिश सहायक क्रूझरने (तोफा बसवून आरमारात घेतलेल्या नागरी जहाजाने) ते अडवलं आणि तपासणीसाठी ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉलला जायला सांगितलं. आपला एक अधिकारी आणि काही खलाशीही वर चढवले. इथवर ठीक होतं. पण त्यांनी अमेरिकेचा झेंडा उतरवून ब्रिटिश झेंडा लावायला लावला, आणि तटस्थ जहाजाचं कवच तिथेच गेलं.

२४ जुलै १९१५ ला समोर जर्मन पाणबुडी यू-३६ आली. घाईघाईने अमेरिकी झेंडा परत वर गेला, ब्रिटिश तुकडी खाली मालाच्या तळघरात लपली. पाणबुडीच्या कप्तानाला संशय आलाच. त्याने आपला एक माणूस वर ठेवून जहाज जर्मनीत कुक्सहाफेनला धाडलं. तळघरातले ब्रिटिश तिथे पोचल्यावर जर्मनांच्या हाती लागले. यू-३६ मात्र २४ जुलैलाच बुडाली. तिला बुडवलं 'प्रिन्स चार्ल्स'ने. दिसायला कोळसा वाहणारी साधी आगबोट, आत लपवलेल्या तोफा. म्हणजे ज्या युक्तीने त्या पाणबुडीचा घास घेतला, तीच युक्ती पुढे तिने पकडलेल्या जहाजावर वापरली गेली. हे जहाज करायला घेण्याचं निम्मं कारण हा एक दिवस आहे.

१९१६ मध्ये गेस्टेम्युंडच्या टेक्लेनबोर्ग गोदीत जहाजाचा कायापालट झाला. १०.५ सेंटिमीटरच्या दोन तोफा, डिझेल इंजिन, इंधनाच्या आणि गोड्या पाण्याच्या टाक्या, कैद्यांसाठी झोपायच्या जागा. विसाव्या शतकातल्या युद्धात शिडाचं जहाज कशाला, असं मला अजून विचारलं जातं. उत्तर कोळशात आहे. सागरी लुटारूची आगबोट दर काही आठवड्यांनी कोळशाला भुकेली होते आणि जर्मनीकडे वाटेत बंदरच उरलं नव्हतं. वारा फुकट. शिवाय चिलीचं सोडियम नायट्रेट आणि धान्य वाहणारी शिडाची जहाजं तेव्हाही अटलांटिकमध्ये भरपूर होती, त्यांच्यात अजून एक कोणाच्या डोळ्यांत भरणार? २ डिसेंबर १९१६ ला 'झेआडलर' नावाने ते जर्मन आरमारात रुजू झालं. कप्तान काउंट फेलिक्स फॉन लुकनर. पोरवयात घरून पळून खलाशी झालेला, त्यामुळे शिडाचं काम हातात मुरलेला माणूस.

मॉडेल करणाऱ्याची खरी पंचाईत इथे सुरू होते. या जहाजाचं काम होतं ते नाही असं दिसणं. हुबेहूब करायला गेलं तर बघणाऱ्याला लाकूड नेणारं नॉर्वेचं गरीब मालवाहू जहाज दिसतं आणि तो विचारतो, "तोफा कुठायत?" तोफा उघड्या टाकून, जर्मन झेंडा फडकवून केलं तर मग ते नुसतं तोफा बसवलेलं शिडाचं जहाज होतं, त्यातली गंमत संपली. या जहाजाचे चित्रकारांनी केलेले बहुतेक देखावे दुसऱ्या प्रकारचे असतात. मी पहिला प्रकार घेतलाय, आणि प्रसंगही ठरवलाय : २५ डिसेंबर १९१६, उत्तर अटलांटिक.

त्या नाताळच्या दिवशी 'अ‍ॅव्हेंजर' या ब्रिटिश सहायक क्रूझरने त्यांना थांबवलं आणि तपासणीची तुकडी पाठवली. झेआडलर तेव्हा नॉर्वेचं 'इर्मा' झालं होतं. डेकवर नॉर्वेजियन बोलणारे खलाशी पुढे, बाकीचे खाली चिडीचूप. लुकनर सांगतो की कागदपत्रांवरची खाडाखोड कळू नये म्हणून केबिनमध्ये समुद्राचं पाणी शिरल्याचं नाटक करून ती भिजवली, आणि एका पोरसवदा खलाशाला लुगडी नेसवावीत तसं झगा घालून, दाढदुखीचं निमित्त करून गाल बांधून 'कप्तानाची बायको' म्हणून बसवलं. लुकनर पट्टीचा गोष्टीवेल्हाळ माणूस, त्यामुळे तिखटमीठ किती ते ज्याने त्याने ठरवावं. जहाज तपासून सोडून दिलं गेलं एवढं मात्र पक्कं. एका मित्राचा आग्रह आहे की ती 'बायको' डेकवर उभी करावी. या स्केलला माणूस साडेअकरा मिलिमीटरचा होतो, झगा करणं अवघड नाही. पण गोष्टीत ती केबिनमध्ये बसलीये, दाढ दुखतेय बिचारीची. ती आतच राहील.

आता लाकडाचा माल. डेकवर लाकडाच्या थप्प्या रचल्या की खालच्या झडपांकडे जायची वाट बुजते आणि तपासणी अर्धवट राहते, हा त्या सोंगाचा कणा. म्हणून मॉडेलमध्येही सगळ्यात जास्त वेळ मी यालाच दिलाय. काड्यापेटीची लाकडी काडी साधारण दोन मिलिमीटर चौरस आणि चार सेंटिमीटर लांब असते. १५० ने गुणलं की तीस सेंटिमीटर जाडीचा, सहा मीटर लांबीचा ओंडका मिळतो. याहून सोयीचं काय हवं? गूल कापून टाकायचं, काडीच्या कडा बारीक सँडपेपरवर एकदाच ओढायच्या. सगळ्या काड्या एका लांबीच्या ठेवल्या तर थप्पी कारखान्यातून आल्यासारखी वाटते, म्हणून टोकं मागेपुढे. मग रंग. कोऱ्या चहाचं पातळ पाणी दोनदा, वरच्या थरावर राखाडी वॉश (अगदी पातळ रंगाचा हात), खालच्या थराला जवळजवळ काहीच नाही, कारण वरून लाटा आलेल्या, खालचं पाईन अजून पिवळट. शेवटी थप्पीवरून साखळ्या. ज्वेलरीच्या दुकानातली सगळ्यात बारीक साखळी काळी करून आवळली आणि जिथे ती कडेवर वळते तिथे लाकडावर नखाने हलका दाब दिला. तेवढ्या एका दाबाने माल जड वाटायला लागला.

तोफांचं काय केलं तेही सांगतो. बाजूचा कठडा बिजागरीवर होता, वेळ आली की खाली पडायचा आणि तोफ मोकळी व्हायची. मी उजव्या कुशीला कठड्याचा तेवढा तुकडा वेगळा कापून निघता ठेवलाय आणि मागे तोफ बसवलीये, इंचाहून किंचित जास्त लांबीची, पितळी नळीतून. बंद केलं की सांधा डोळ्याला लागत नाही. लागला तर सोंग फसलं. डाव्या कुशीला कठडा अखंड आहे, तिथे तोफ केलीच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीही करणारे लोक आपल्यात आहेत, त्यांना माझा नमस्कार.

कुशीवर नॉर्वेचा झेंडा आणि देशाचं नाव येईल, तेव्हाची तटस्थ जहाजं असं मोठ्या अक्षरांत रंगवत. लाल, त्यावर पांढऱ्या काठाचा निळा क्रॉस. पाणी घातलेला रंग स्पंजने टिपत लावणार आहे, ब्रश नाही. डिसेंबरच्या अटलांटिकमधून आलेल्या मालवाहू जहाजाचा झेंडा कोरा करकरीत दिसला तर अ‍ॅव्हेंजरच्या अधिकाऱ्यालाही खटकलं असतं.

सध्या अडकलोय ते शिडांपाशी. तपासणीसाठी थांबलेलं शिडाचं जहाज म्हणजे शिडं गुंडाळलेलं जहाज नव्हे. मधल्या डोलकाठीची यार्डं (शिडं टांगायचे आडवे दांडे) फिरवून तिची शिडं उलट्या बाजूने वाऱ्यात धरतात. पुढची शिडं जहाज पुढे ढकलतात, मधली मागे, आणि जहाज जागच्या जागी डोलत राहतं. म्हणजे पुढच्या आणि मागच्या डोलकाठीची शिडं फुगलेली, मधल्या डोलकाठीची मात्र डोलकाठीला चिकटलेली, कापडातून काठीचा उठाव दिसणारी. फुगलेली शिडं सोपी : बटर पेपर, पातळ फेविकॉल, स्टीलच्या वाटीच्या पाठीवर वाळवायचा. उलट्या शिडासाठी आधी डोलकाठी आणि तिचे दोर जागेवर हवेत, मग ओला कागद त्यांच्यावरच वाळवायचा. त्यामुळे रिगिंगचा, म्हणजे दोर बांधण्याचा, नेहमीचा क्रम मोडावा लागतोय. सगळ्यात वरची शिडं गुंडाळलेली ठेवणार, हिवाळा आहे. यार्डं बांबूची, दोन्ही टोकांकडे निमुळती केलेली. दोरा पॉलिस्टरचा, मेण लावलेला. सुती दोऱ्याला कितीही मेण लावलं तरी या स्केलला त्याची लव दिसते.

'वुल्फ' का केलं नाहीस, ते तर आपल्या दारात आलं होतं, असाही प्रश्न आलाय. वुल्फ म्हणजे त्याच युद्धातली, असंच सोंग घेऊन फिरणारी जर्मन आगबोट. खरं आहे. वुल्फने १९१७ च्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले, त्यातल्याच एकाने २३ जून १९१७ ला 'मंगोलिया' ही पी अँड ओ कंपनीची आगबोट बुडवली. शिवाय २७ फेब्रुवारीला वुल्फने 'टरिटेला' पकडलं. ते मुळात जर्मनच, 'गुटेनफेल्स' नावाचं, युद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी ताब्यात घेतलेलं. जर्मनांनी ते 'इल्टिस' करून एडनसमोर सुरुंग पेरायला पाठवलं आणि ५ मार्चला 'ओडिन' ही ब्रिटिश युद्धनौका समोर आल्यावर स्वतःच बुडवलं. पकडलेलं जहाज, उलट पकडलेलं जहाज! करायचंय मला ते. पण आगबोटीत रिगिंग कुठे?

अ‍ॅव्हेंजरच्या तावडीतून सुटल्यावरची कारकीर्द थोडक्यात. ९ जानेवारी १९१७ ला 'ग्लॅडिस रॉयल' ही कोळशाची आगबोट, दुसऱ्याच दिवशी साखरेची 'लंडी आयलंड', मग एकापाठोपाठ शिडाची जहाजं. त्यांत 'पिनमोर' होतं, ज्यावर लुकनरने तरुणपणी खलाशी म्हणून काम केलं होतं. तेही बुडवलं. पद्धत ठरलेली, लोक आधी उतरवून घ्यायचे, मग जहाज बुडवायचं. संपूर्ण मोहिमेत समोरच्या बाजूचा एकच जीव गेला, ११ मार्चला 'हॉर्नगार्थ'वर गोळ्याने वाफेची नळी फुटली तेव्हा. कैदी वाढत वाढत अडीचशेच्या वर गेले, तेव्हा २१ मार्चला पकडलेलं 'कांब्रोन' हे फ्रेंच जहाज न बुडवता त्यावर सगळ्यांना चढवलं आणि पिनमोरच्याच कप्तान मलनच्या हाती दिलं. मात्र आधी त्याच्या डोलकाठ्यांचे वरचे भाग तोडले, म्हणजे ब्राझीलमधल्या रिओला पोचायला वेळ लागावा. ३० मार्चला ते रिओला पोचलं, तोवर झेआडलर दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकच्या वाटेला लागलं होतं. वरून छाटलेलं ते कांब्रोन शेजारी ठेवायला फार सुंदर मॉडेल होईल, कोणी करणार असेल तर स्केल हेच ठेवा.

पॅसिफिकमध्ये फक्त तीन अमेरिकी स्कूनर (शिडाची छोटी जहाजं) हाती लागले. २ ऑगस्ट १९१७ ला दक्षिण पॅसिफिकमधल्या मोपेलिया बेटाच्या प्रवाळावर जहाज आपटलं ते कायमचं. लुकनरने प्रचंड लाट आल्याचं सांगितलं. कैद्यांपैकी काहींचं म्हणणं वेगळं, जहाज नांगरावर होतं, बरेचसे लोक किनाऱ्यावर मजेत होते आणि ते वाहत गेलं. मला दुसरं पटतं. प्रवाळाच्या इतक्या जवळ, वारा फिरला तर पळायला जागा नाही अशा ठिकाणी नांगरलं की लाटेची गरज पडत नाही. पुढे लुकनर पाच जणांसह उघड्या होडीतून फिजीच्या वाकायापर्यंत गेला आणि २१ सप्टेंबरला पकडला गेला. मागे राहिलेल्यांनी 'लुटेस' हा फ्रेंच स्कूनर बळकावून ईस्टर बेट गाठलं. ते सगळं जहाजाशिवायचं, म्हणून माझ्या कामाबाहेरचं.

पुढचा टप्पा मधल्या डोलकाठीचे आधारदोर आणि पहिलं उलटं शीड. कोणी उलटी शिडं कागदाऐवजी रेशमात केली असतील तर ओलं असताना कापड किती आक्रसतं तेवढं कळवा, कारण बटर पेपरने दगा दिला तर घरात एक जुनी ओढणी मी आधीच हेरून ठेवलीये.