घशात आरसा धरणारा गवई

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कधी तुमच्या घशात लांब दांडीचा छोटा गोल आरसा धरला असेल, तर आत घालण्याआधी तो जरासा गरम करून घेतल्याचं तुम्हाला आठवेल. गाणाऱ्यांना तर हा अनुभव ठाऊक असतोच. आता कॅमेरे आले आहेत. पण त्या आरशात गाताना हलणारे स्वरतंतू पहिल्यांदा नीट पाहिले आणि त्यांचं वर्णन लिहून ठेवलं ते एका गवयाने, तेही स्वतःच्याच घशातले. मान्युएल गार्सिया त्याचं नाव. आमच्या वायव्य लंडनमध्येच, क्रिकलवूडला शूट-अप हिलवर त्याचं घर होतं. महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. शूट-अप हिलजवळच्या किलबर्न स्टेशनहून डॉलिस हिल ज्युबिली लाइनने दोनच स्टेशनं लांब, म्हणजे आपल्या गणपतीच्या आरत्या होतात त्याच टापूत हा माणूस राहिला. इथल्या आपल्या मुलांना मी गाणं शिकवते, त्यामुळे त्याच्याबद्दल मला विशेष ओढ वाटते.

गार्सियाचा जन्म १८०५ सालचा, माद्रिदचा. घराणंच ऑपेराचं, म्हणजे युरोपी संगीत नाटकांचं. वडिलांचं नावही मान्युएलच. इटालियन संगीतकार रोसिनीने ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेरातली काउंट अल्माव्हिवाची भूमिका त्यांच्याचसाठी लिहिली आणि १८१६ मध्ये रोमला पहिल्या प्रयोगात ती त्यांनीच गायली. बहिणी मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हिआर्दो, दोघीही युरोपभर गाजल्या. १८२५ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला गेलं आणि तिथे पहिल्यांदाच इटालियन ऑपेरा इटालियन भाषेतच उभा केला. ऑपेरा तोच. वडील काउंट, आई बर्टा नावाची दासी, सतरा वर्षांची मारिया नायिका आणि विशीतला मान्युएल फिगारो, म्हणजे तो न्हावी! आपल्याकडच्या बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्या आठवतात ना?

पण मान्युएलचा गळा रंगभूमीवर टिकला नाही. फार लवकर, फार जास्त गायल्याने आवाजावर ताण आला आणि ऐन पंचविशीच्या आत-बाहेर त्याने गायक म्हणून रंगमंच सोडला. इतक्या नावाजलेल्या घरात हे किती जड गेलं असेल! पुढचा मार्ग त्याने आवाजातूनच शोधला. सैन्याच्या इस्पितळांत काम करता करता स्वरयंत्राच्या रचनेचा अभ्यास केला आणि पॅरिसमध्ये शिकवायला बसला. मानवी आवाजावरचा त्याचा निबंध १८४० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आला.

त्यानंतरच्या वर्षी जेनी लिंड त्याच्याकडे आली. वीस वर्षांची मुलगी, स्वीडनची लाडकी गायिका. पण सततच्या प्रयोगांनी आणि चुकीच्या गायकीने आवाज पार थकलेला. गार्सियापुढे गाताना तो फाटला. तुमच्याकडे आता आवाजच उरलेला नाही, असं त्याने तिला स्पष्ट सांगितलं, असं म्हणतात. आणि मग औषध दिलं ते मौनाचं. सहा आठवडे एक सूरही काढायचा नाही, बोलायचंही कमीत कमी. त्यानंतरच तालीम सुरू झाली, तीही संथ, आठवड्यातून दोनदा. श्वास कुठे घ्यायचा, सूर कसा लावायचा, इथपासून. पुढच्याच वर्षी ती स्टॉकहोमला परतून ‘नॉर्मा’ हा ऑपेरा गायली आणि नंतर साऱ्या युरोपने तिला डोक्यावर घेतलं.

शिक्षक म्हणून गार्सियाची थोरवी मला आरशापेक्षा या सहा आठवड्यांत जास्त दिसते. दाराशी नामवंत शिष्या आलेली असताना ‘गाऊ नकोस’ म्हणायला धीर लागतो. स्वतःचा गळा गेलेल्या माणसालाच तो सुचला असावा. आपल्याकडे आजही आवाज बसला तरी रियाज चुकवू नको म्हणतात. वयात येणाऱ्या, आवाज फुटलेल्या मुलांना वरच्या पट्टीत गायला लावतात आणि स्पर्धेची तारीख जवळ आहे म्हणून गरम पाणी पाजून उभं करतात. हे थांबायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

आरशाची गोष्ट १८५४ ची. तोवर तो लंडनला येऊन रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवत होता. सुट्टीत पॅरिसला गेला असताना पॅले रॉयाल या जुन्या राजवाड्याच्या खिडक्यांच्या काचांवर ऊन चमकताना पाहिलं आणि त्याला एकदम सुचलं. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या शारिएरच्या दुकानातून त्याने सहा फ्रँकला लांब दांडीचा दंतवैद्याचा आरसा घेतला. वाफ धरू नये म्हणून तो गरम पाण्यात बुडवून पुसला, पडजिभेला टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडलं. समोर स्वतःचेच उघडे स्वरतंतू! १८५५ मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेत त्याचं टिपण वाचलं गेलं. तीनच वर्षांत व्हिएन्नाचा ट्युर्क आणि पेस्टचा (आताच्या बुडापेस्टचा) चेर्माक या वैद्यांनी हे तंत्र रोग्यांसाठी वापरात आणलं. घशाच्या वैद्यकाची एक शाखाच त्यातून बहरली.

अकॅडमीत तो १८९५ पर्यंत शिकवत राहिला, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत! नामवंत गायनशिक्षिका मातिल्ड मार्केसी त्याचीच शिष्या आणि प्रसिद्ध ऑपेरा-गायिका नेली मेल्बा मार्केसीची. आवाजाच्या शास्त्राची ही जिज्ञासा आपल्याकडेही होती. कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत आवाज-साधनेचा कसून अभ्यास केला आणि अशोक दा. रानडे यांनी तो पुढे नेला.

१७ मार्च १९०५ ला गार्सियाची शंभरी झाली, तेव्हा गायकांइतकीच घशाच्या डॉक्टरांची लंडनला गर्दी होती. राजा एडवर्डने त्याला सन्मान दिला. जॉन सिंगर सार्जंटने रंगवलेलं त्याचं चित्र त्याला भेट मिळालं. पुढच्या वर्षी जुलैत तो गेला. ते चित्र मात्र इथे लंडनमध्ये नाही, अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या स्कूल ऑफ डिझाइनच्या संग्रहालयात आहे. बॉस्टनकडच्या मराठी मंडळींना प्रॉव्हिडन्स जवळच आहे. कुणी गेलात, तर चित्र पाहून मला नक्की कळवा.