एका पळसाची वही

शनिवार, रात्र. फाल्गुन.

सकाळची शाळा सुटल्यावर आठवीची अकरा मुलं, चित्रकलेचे सर आणि मी पुन्हा बांधावरच्या पळसाखाली जाऊन बसलो. श्रावणात ठरवलं होतं: वर्षभर एकच झाड, एकच वही, महिन्यातून एकदा. मध्ये एक महिना परीक्षेत गेला, बाकी मोडलं नाही. आज झाडावर पान नावालाही नव्हतं. सगळं बालाघाटाचं रान करडं पडलेलं आणि त्यात हा एकटा पेटलेला.

मुलांनी आधी केशरी रंगाच्या बाटल्या उघडल्या. सर म्हणाले, "केशरी नंतर. आधी देठाजवळचा काळा बघा." बघितलं तर तो काळा नव्हताच. काळपट तपकिरी, त्यात हिरव्याची झाक, आणि बोट फिरवलं तर मखमल. तो एक रंग जमवायला मुलांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात त्यांनी निदलपुंज, म्हणजे फुलाच्या बुडाचा तो पेला, जितका पाहिला तितका माझ्या फळ्यावर कुणीच पाहिला नसेल.

मग एक फूल उलगडलं. वरची पताका, बाजूचे दोन पंख आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली बाकदार नौका. नौकेच्या आत दहा पुंकेसर. 'नऊ अधिक एक', म्हणजे नऊ जुळलेले आणि एक सुटा, हे मी कितीतरी वर्षं शिकवते. सरांनी ब्रशच्या टोकाने तो दहावा हलकेच बाजूला केला तेव्हा त्याच्या बुडाशी असलेली बारीक फट मुलांना दिसली. मधापर्यंतची वाट तीच. मलाही ती इतकी स्पष्ट आजच दिसली. किंशुक या नावाचा अर्थ सांगितला: किं शुकः, हा पोपट की काय? त्या बाकदार चोचीकडे पाहून ज्याने पहिल्यांदा असं विचारलं असेल, तो फुलाजवळ बराच वेळ थांबला असणार.

शाळेतल्या विज्ञानाच्या वह्यांबद्दल मला फार दिवसांपासून वाईट वाटतं. मुलं आकृती काढतात ती पुस्तकातल्या आकृतीवरून. नावं अचूक, रेघा सरळ, गुण पूर्ण. झाड मात्र खिडकीबाहेरच राहतं.

श्रावणातलं पान आज पुन्हा उघडलं. तेव्हा आम्ही पळसाचं पान काढायला घेतलं होतं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी म्हणती, कुठं बी जा, पळसाला पानं तीनच." आजी पत्रावळ्या लावते, तिच्या हाताखालून हजारो पानं गेलेली. सर एवढंच म्हणाले, "काढ तर मग. पण कुठं जोडलंय ते बघून काढ." ती बराच वेळ काढत बसली. मधलं दल दोन्ही बाजूंनी सारखं आणि कडेची दोन एका अंगाने फुगलेली, हे तिचं तिनेच टिपलं. आणि मग, "मॅडम, हितं बारीक काहीतरी हाय." कळी होती. तिन्ही दलांच्या देठांपाशी कुठेच नाही, फक्त मोठ्या देठाच्या बुडाशी, फांदीला लागून. अशी कळी पानाच्या बुडाशी असते, दलाच्या नाही. म्हणजे पान एकच, तीन दलांचं. त्रिपर्णी संयुक्त पान हे शब्द मी तोवर वापरलेच नव्हते, त्या दिवशी ते तिच्या रेघेमागून आले. आजीचं म्हणणं खोटं ठरलं असं मला वाटत नाही. आजी पत्रावळीसाठी मोजत होती, नातीने झाडासाठी मोजलं.

दिवाळीनंतर सहल वेरूळला नेली होती. तिथे मी मुलांना २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाबद्दल सांगितलं. पुरातत्त्व खात्यातले निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई यांना वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथली चित्रं किडीने पोखरली. वेरूळच्या गिलाव्याला तो त्रास झाला नाही, याचं एक कारण ही भांग असावी असं त्यांचं म्हणणं. चित्राखालचा गिलावा कालवणाऱ्याला कुठलं झाड काय कामाचं हे ठाऊक होतं. तेव्हापासून सर रंगाच्या तासाला झाडांची नावं विचारतात आणि मी माझ्या तासाला रंग.

एक गोष्ट लिहायची राहिली. गेल्या उन्हाळ्यात बांध पेटवला गेला, त्यात पळसाची मावळतीची बाजू करपली. पळस चिवट. मुळांतून फुटवे आलेत, पण त्या बाजूच्या फांद्यांना यंदा फूल नाही. ज्या घरचा तो बांध, त्या घरचा मुलगा आमच्या अकरांत आहे. आज सगळी मुलं फुलांच्या बाजूला बसली, तो एकटा उठून पलीकडे गेला आणि कोळशाच्या तुकड्याने तेवढीच साल काढत राहिला. भेगा, उललेले पदर, खालचा नवा फुटवा. काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. सरांनी त्याच्या शेजारी बसून आपली वही उघडली.

निघताना वाद झाला. परागांची धूळ जास्त कुणाच्या डोक्याला लागते, शिंजिर या चिमुकल्या मध पिणाऱ्या पक्ष्याच्या की साळुंकीच्या? निम्मी मुलं इकडे, निम्मी तिकडे, आणि खारीला विसरू नका म्हणणारी एक. उद्या रविवार असूनही साडेसहाला झाडाखाली जमायचं ठरलंय. प्रत्येकाने एकच पाहुणा वाटून घ्यायचा, तो किती वेळा येतो त्याच्या रेघा मारायच्या आणि फुलात डोकं कसं घालतो ते काढायचं.

कपाटावरची जुनी दुर्बीण काढून पुसून ठेवलीय. तिची एक काच सैल आहे, ती सकाळी निघण्याआधी बसवायला हवी.