अद्रकीला कोंब फुटला की

एप्रिल लागला की कांद्या-लसणाच्या टोपलीतल्या अद्रकीलाही डोळे फुटतात. पिवळसर-हिरवं, टोकदार बोंडच ते. कातडी सुरकुतली असली तरी अशी गाठ लावायला चालते. दाबल्यावर बोट रुतत असेल तर मात्र फेकून द्यावी.

20-25 ग्रॅमचा तुकडा, त्यावर एक-दोन डोळे, एवढं पुरे. कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकू द्यायची, नाहीतर सड तिथूनच शिरते. अद्रक आडवी पसरते, म्हणून कुंडी खोल नको, पसरट हवी. 12 इंची कुंडीत दोन तुकडे, तिसऱ्याचा मोह नको. आपली काळी माती एकटी वापरली तर पाणी धरून बसते. तिच्यात तेवढीच रेती, तेवढंच कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. डोळा वर ठेवून दोन इंच खाली पुरावं.

आणि मग गप्प बसावं, जे नागपुरात फार कठीण. बाहेर 45 अंश बघून माणूस दोन्ही वेळा पाणी ओततो. पण खाली मुळं नाहीत, वर पानं नाहीत. ते पाणी पिणार कोण? तुकडा आतल्या आत सडतो आणि दोष उन्हावर जातो. वरची माती कोरडी झाली की शिंपडण्यापुरतंच पाणी द्यावं. कोंब वर यायला तीन-चार आठवडे सहज लागतात, तोवर उकरून बघू नये, मोडतो. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर नकोच: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाकीच्या कडेचा पांढरा थर म्हणजे तेच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कुंडी हिरव्या जाळीखाली सरकवावी.

पावसाळ्यात कुंडीखालची बशी आधी काढा. जुलै-ऑगस्टच्या झडीत कंदकूज येते: पानं पिवळी पडतात, खोड ओढताच हातात येतं, बुडाला घाण वास. तेव्हा औषधं शोधत बसण्यात अर्थ नाही. झाड मातीसकट काढावं, आणि ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात घालू नये.

मधूनमधून कंद उघडा पडलेला दिसला की मातीची भर द्यावी. ऑक्टोबरात कडेची माती सारून एखादं कोवळं बोट मोडून घेता येतं, रेषा नसलेलं, लोणच्याला उत्तम. बाकीचं डिसेंबर-जानेवारीत पानं वाळल्यावर. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद. काढल्यावर धुतलीच, तर सावलीत पूर्ण वाळवूनच ठेवा. ओली डब्यात गेली की आठवड्यात बुरशी धरते.