शब्दसंग्रह नोंद: पळालेला 'एन'

अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या वर्णानुक्रमे पाठ करणं मी आता सोडलंय. असे शब्द आठवडाभर टिकतात आणि मग एकमेकांत मिसळून जातात. त्यापेक्षा ज्यांच्या इतिहासात एकच खोडी घडलीये, असे शब्द एकत्र घेतले की एक आठवला तरी मागून बाकीचे येतात.

या फेरीतली खोडी म्हणजे 'अ' आणि 'ॲन' यांची गल्लत. एप्रन हा मुळात 'नेप्रन' होता. भरभर बोलताना 'अ नेप्रन' आणि 'ॲन एप्रन' यांत कानाला काही फरक कळेना, आणि शब्दाचा 'एन' सरकून शेजारी जाऊन बसला. त्याच घराण्यातल्या नॅपकिनने मात्र आपला 'एन' सोडला नाही. दोघांचं मूळ लॅटिन 'माप्पा', म्हणजे कापड. नकाशाचा मॅपही तिथलाच! एका कार्डावर तीन शब्द बसले.

अंपायरचीही तीच गत. जुन्या फ्रेंचमधला 'नॉनपेर' म्हणजे ज्याला जोडी नाही असा, दोघांच्या वादातला तिसरा. ऑरेंज तर आपल्या नारिंगाचाच भाऊबंद. फारसी-अरबीतून युरोपात गेला, पण त्याचा 'एन' इंग्रजीत येण्याआधीच गळाला होता. म्हणून तो या फेरीत पाहुणा.

उलटा प्रवासही सापडला, आणि मला तोच जास्त आवडला. 'ॲन ईक-नेम' म्हणजे जादाचं नाव. त्याचं झालं निकनेम. पाण्यातला न्यूट हा प्राणीही आधी 'ॲन यूट' होता.

कार्डं लाइटनर पेटीतच, म्हणजे उजळणीसाठीच्या कप्प्यांच्या पेटीत आहेत: बरोबर आलं की पुढचा कप्पा, चुकलं की पहिला. त्यात माझा एक नियम जास्तीचा आहे. स्वतःच्या वाक्यात वापरल्याशिवाय शब्दाला बढती नाही. त्या नियमाने 'सेस्क्विपिडेलियन' बाद झाला. लांबलचक शब्दांसाठीचा हा शब्द, मूळ अर्थ दीड फुटी, आणि उपयोग ऐकणाऱ्याला दमवण्यापुरताच. पेट्रिकोर (पावसानंतरचा मातीचा वास), सेरेंडिपिटी (नकळत लागलेला सुखद शोध) मी ठेवले आहेत, पण ते सगळ्यांच्याच वहीत असतात, त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

व्युत्पत्ती दोन कोशांत पडताळल्याशिवाय कार्ड करत नाही. छापलेलंही खोटं असू शकतं: 1934 च्या वेबस्टरमध्ये 'डॉर्ड' हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर होतं 'डी ऑर डी', म्हणजे डेन्सिटीचं लघुरूप मोठ्या किंवा लहान लिपीतला डी. 1939 मध्ये एका संपादकाच्या नजरेत येईपर्यंत हा भुताटकीचा शब्द कोशात सुखाने नांदत होता. वाक्यात वापरता येत नसूनही त्याला मी पेटीत जागा दिलीये. नियम माझाच, तेव्हा अपवादही माझाच.

पुढची फेरी माणसांच्या नावांवरून आलेल्या शब्दांची. बॉयकॉट आणि सँडविच सोडून सुचवा. गुरांना मालकीचा डाग न देणाऱ्या टेक्सासच्या सॅम्युएल मॅव्हरिकचं कार्ड (मॅव्हरिक म्हणजे कळपात न बसणारा) झालेलं आहे.