आठवडा चौदावा: तूट मंगळवारी, रविवारी नाही

वजन उतरवत लांब पल्ल्याचं पळायचं, या माझ्या प्रयोगाचा हा चौदावा आठवडा. आज सकाळचं वजन ७८.६ किलो. सुरुवात ८२.४ ला होती. म्हणजे ३.८ किलो उतरले, पण मंडळी, मधले आकडे महत्त्वाचे आहेत.

पहिले तीन आठवडे मी रात्रीचा पोळी-भात बंद ठेवला आणि सकाळी उपाशीपोटी पळलो. २.६ किलो झरझर गेले. चौथ्या रविवारी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर १६ किलोमीटरचा लाँग रन होता. अकराव्यापर्यंत ७:१० चा पेस (किलोमीटरला ७ मिनिटं १० सेकंद) आरामात टिकला. तेराव्याला मांड्या दगड झाल्या, हात गार पडले, आणि चौदाव्याला मी दुभाजकावर बसलो. मुलाला गाडी घेऊन बोलवावं लागलं. घरी आल्यावर वही उघडली: सकाळची नाडी ५८ वरून ६६, रात्री तीनला जाग, नेहमीच्या इझी पेसला हार्ट रेट दहाने जास्त. दहा दिवस हे लिहीत होतो, पण वजन उतरतंय या आनंदात तिकडे लक्षच गेलं नाही.

स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पळताना वापरलं जाणारं कर्बोदकांचं इंधन, साठतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. माझ्या २.६ किलोंत असं पाणी बरंच होतं. पोळी-भात परत सुरू केला तेव्हा पाच दिवसांत १.१ किलो वाढलं ते याचमुळे. तेवढी चरबी चढायला गरजेपेक्षा साडेआठ हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात. त्या आठवड्यात काट्यावर विश्वास ठेवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तेव्हापासून तूट, म्हणजे गरजेपेक्षा कमी खाणं, फक्त चार दिवस, सोम, मंगळ, गुरू, शुक्र, रोज ४०० ते ४५० कॅलरींची. ती निघते चार वाजताचं नमकीन आणि सराफ्यातले, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातले, गराडू (तळलेला मसालेदार कंद) सोडून. थंडीत इंदूरच्या माणसाने गराडू सोडायचे म्हणजे काय, ते इंदूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. महिन्यातून एकदा खातोच. रात्री ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताक. प्रथिनं शंभर ग्रॅमच्या आसपास जातात. वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर सव्वाशे हवीत, तिथे अजून कमी पडतो.

शनिवारी रात्री मात्र आईच्या हातचा वरणभात, पोटभर. रविवारी पावणेपाचला गूळ लावलेली एक पोळी आणि चहा. धावताना अर्ध्या लिटरचे दोन फ्लास्क, प्रत्येकात ३० ग्रॅम साखर, लिंबू, चिमूटभर मीठ. तासाभराने एक केळं. सव्वादोन तासांना हे तासाला ३८ ग्रॅमच्या आसपास बसतं. दीड तासाच्या वरच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, तेव्हा ठीक आहे. परत आल्यावर पोहे-जलेबी. ठेल्यावरचे पोहे वाफेवर राहतात, तेल शेवेत असतं. म्हणून शेव अर्धी, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला) भरपूर. घामातून गेलेलं मीठ थोडंफार परत येतं.

दीर्घकाळ कमी खाऊन जास्त पळण्याने जे होतं, त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, म्हणजे खेळाडूला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं. हाडं, संप्रेरकं, झोप, सगळ्यावर परिणाम होतो. ग्रुपमधल्या ताई-वहिनींनी पाळी लांबली किंवा थांबली तर तूट लगेच बंद करावी आणि डॉक्टरांना भेटावं. आम्हा पुरुषांना इतकी ठळक खूण मिळत नाही, म्हणून सकाळची नाडी लिहीत जा.

दहा आठवड्यांत ८०.९ वरून ७८.६. आठवड्याला पाव किलोही नाही. पण गेल्या रविवारी त्याच रस्त्यावर १८ किलोमीटर ७:०२ ने झाले, शेवटचे दोन ६:५० ने, आणि आज नाडी ५६ आहे.

पुढच्या रविवारी २०. तिसरा फ्लास्क लागेल असं वाटतं, आणि तो कमरेला बांधला की हलतो. कॉरिडॉरवर पळणारे तुम्ही पाणी कुठे ठेवता?