आधी मागे बघा

“नागपुरात ट्राऊट कुठे आहे, मग फ्लाय फिशिंग कशाला?” आणि त्याला लागूनच, “पहिला रॉड कोणता घेऊ, भाऊ?” तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ट्राऊट मासा इथे नाही, येणारही नाही. तिला थंड पाणी लागतं आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पण फ्लाय म्हणजे गळावर पीस-दोरा गुंडाळून केलेला किडा. १२ नंबरच्या गळावरचा छोटा, बुडणारा किडा सावकाश ओढला तर तिलापी घेते. मरळ बेडकावर झडप घालते, पण तिला दात असतात, बारीक दोरा टिकत नाही. ती नंतर.

आता रॉड. मी आतापर्यंत सगळ्यांना ९ फुटी, ५ नंबर सांगत आलो. ते चूक नव्हतं, पण उघड्या तलावावर वारा सुटला की ६ नंबर बरा पडतो. हा नंबर रॉडच्या ताकदीचा नाही, लाइनच्या, म्हणजे फेकायच्या जाड दोरीच्या, वजनाचा आहे: ५ नंबर लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम, ६ नंबरचं साडेदहाच्या आत. सगळी मेख इथेच आहे. नेहमीच्या गळाला शिसं पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागे धावतो. इथे किड्याला वजनच नाही. फेकायची असते ती लाइन, किडा नुसता मागून येतो.

म्हणून सगळं बिघडतं ते पाठीमागे. रॉड वाढत्या वेगाने उचलायचा आणि कानाच्या जरा मागे, घड्याळात १ वाजतो तिथे, खटकन थांबवायचा. मग काही करायचं नाही. लाइन मागे उलगडत जाते, ३० फुटांना साधारण सेकंदभर लागतो, आणि नवशिक्याला तो सेकंद सोसवत नाही. लाइन वळणात असतानाच हात पुढे आला की चाबकासारखा फटका ऐकू येतो. तो ऐकलात की किडा गेला समजा, गाठीपाशी तुटून. फार थांबलात तर लाइन मागे पडते आणि बाभळीत अडकते. मनात आकडे मोजून जमत नाही, कारण लाइन जास्त सोडली की वेळही वाढते. मान वळवून बघा, सरळ झालेली दिसली की पुढे. मनगट मागे लवत असेल तर रॉडचं बूड रुमालाने मनगटाला बांधा. आणि पुढे आणताना सुरुवातीलाच जोर लावला तर लाइन स्वतःलाच ओलांडते, लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक नायलॉन दोऱ्याला, गाठ पडते. लोक वाऱ्याला शिव्या देतात. गाठ आपल्याच हाताने पडलेली असते आणि दोरा तिथे निम्म्या ताणावर तुटतो.

वारा खरोखर नडतो तो रॉडच्या हाताकडून आला तर. किडा सरळ कानात. टोपी, चष्मा, आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला. सपाट असेल तर गळ आला तसा निघतो. नसेल तर दवाखाना.

तेव्हा पहिले पंधरा दिवस पाणी नको. सकाळी कस्तूरचंद पार्कला, गवतावर, ९ फुटी लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा. सिमेंटवर नको, लाइनचा लेप खरवडतो. गाठी घरी बसून करा आणि आवळण्याआधी थुंकीने ओल्या करा, कोरड्या गाठीत नायलॉन तापून कमजोर होतं. मासा लागला की रॉड उचलू नका, डाव्या हाताने लाइन ओढा.

तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी ढिवर बांधवांना विचारा. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातलं पाणी डोक्यातून काढा.

आणि ५ की ६? ६ म्हटलं खरं, पण वारा पडलेल्या सकाळी हातात ५ च हवासा वाटतो.